गंजलेल्या बंदुकांचा जीर्णोद्धार

मराठी कागदपत्रें आणि बखरी वाचणारांस ‘शिलेखाना’ हा शब्द परका नाहीं. तरवारी, भाले, चिलखतें, बंदुका जेथें सांभाळून ठेवीत, तें कोठार म्हणजे शिलेखाना. दरबार गेले, फौजा गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग हा शब्दहि मराठींतून बहुतेक निघून गेला. नेपाळांत मात्र तो टिकला. काठमांडू शहरांत लगन सिलेखाना या नांवाचा एक जुना राजवाडा होता. त्याच्या अंधाऱ्या दालनांत जुन्या लष्करी बंदुका थरावर थर रचून वर्षानुवर्षें पडून राहिल्या होत्या. इ. स. २००३ मध्यें हा सांठा जुन्या शस्त्रांचा व्यापार करणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांस विकला गेला. तेव्हां त्यांतील हत्यारांची संख्या पन्नास हजारांच्या घरांत गेली.

त्या दालनांत जवळजवळ एका शतकाचा इतिहास निजला होता. तोंडानें भरावयाच्या ब्रन्स्विक रायफली आणि १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुका तेथें होत्या. त्याच एन्फील्डचा मागील भाग बदलून, काडतूस पाठीमागून घालतां यावें अशी सोय करून इंग्रजांनीं १८६६ पासून वापरांत आणलेल्या स्नायडर बंदुका होत्या. १८७१ मध्यें इंग्रजी फौजेनें स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीहि होत्या. जंगबहादुर राणा हे १८५८ मध्यें स्वतः फौज घेऊन इंग्रजांच्या मदतीस लखनौपर्यंत आले, तेव्हांपासून दोन्ही सरकारांचा स्नेह वाढला. तरीहि नवीं शस्त्रें नेपाळांत जाऊं देण्यास हिंदुस्थान सरकार कांकूं करी. हिंदुस्थानांतून शस्त्रें मोकळेपणें नेण्याची मुभा करारानें मिळाली ती १९२३ सालीं. मग नेपाळी कारागिरांनीं आपल्या कारखान्यांत स्वतःच बंदुका घडविल्या. गहेंद्र शमशेर राणा यांच्या नांवानें ओळखली जाणारी गहेंद्र रायफल ही त्यांपैकींच. बाहेरून ती मार्टिनीसारखी दिसते, पण आंतील रचना निराळी. प्रत्येक भाग हातानें कानस चालवून बसविलेला असल्यामुळें एका गहेंद्रचा भाग दुसरींत बसेलच असें नाहीं.

या बंदुका बाहेर आल्या तेव्हां त्यांचें रूप मनांत भरण्यासारखें नव्हतें. घट्ट झालेलें वंगण, त्यावर अनेक वर्षांची धूळ, आणि त्या लेपाखालीं ठिकठिकाणीं गंज. अशी बंदूक हातीं येतांच बहुतेक माणसांस पहिली इच्छा होते ती तिला घांसून लखलखीत करण्याची. दोन तास काचकागद चालविला, कीं नळी आरशासारखी चमकूं लागते आणि घासणाऱ्यास धन्यता वाटते. पण त्या दोन तासांत जें नष्ट होतें तें पुन्हां कोणत्याहि कारागिरास आणतां येत नाहीं. गंजलेल्या बंदुकीचा जीर्णोद्धार करणें म्हणजे तिला नवी करणें, ही समजूत जितकी साहजिक तितकीच घातक आहे. जीर्णोद्धार म्हणजे नाश थांबविणें, आणि तो थांबवितांना बंदुकीच्या अंगावर जें लिहिलेलें उरलें आहे तें राखणें.

हें समजण्यास गंज म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे. लोखंड, हवेंतील प्राणवायु आणि पाणी या तिघांची गांठ पडली कीं गंज उत्पन्न होतो. तांबडा गंज भुसभुशीत असतो. ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. म्हणून तो फुगतो, पापुद्रे धरतो आणि सुटून पडतो. सुटलेल्या पापुद्र्याखालीं नवें लोखंड उघडें पडतें आणि तेंहि गंजूं लागतें. त्यांत मिठाचा अंश मिसळला तर हें काम अधिकच वेगानें चालतें. समुद्राकडील वारा, हाताचा घाम आणि कित्येक काडतुसांची जळकी राख हीं तिन्हीं क्षार आणून सोडतात. गंज जेथें खोल उतरतो तेथें खळगे पडतात. त्या खळग्यांच्या तळाशीं क्षार दडून बसतात आणि वरून पुसलेल्या बंदुकीस पुढच्या पावसाळ्यांत पुन्हां तांबडे ठिपके येतात.

परंतु लोखंडाचा प्रत्येक गंज शत्रु नसतो. लोखंडाचें एक काळें भस्म आहे; लोहचुंबकाचा जो नैसर्गिक दगड सांपडतो तोहि याच जातीचा. हें भस्म दाट असतें, धातूला घट्ट चिकटून बसतें आणि थोडेंबहुत तेल धरून ठेवतें. जुने बंदूक करणारे कारागीर हें गुपित पक्कें जाणून होते. नळी घडवून गुळगुळीत केल्यावर ते मुद्दाम तिच्यावर हलका गंज चढूं देत, तो खरवडून काढीत, पुन्हां चढूं देत, आणि असें अनेक वेळां करून नळीस तपकिरी किंवा काळसर रंग आणीत. एन्फील्डच्या नळ्यांवरील मूळ रंग असाच केलेला असे. ज्या गंजानें बंदूक मरते, त्याचाच आवरलेला अवतार तिचें कातडें होतो. घासणारा मनुष्य तांबडा शत्रु आणि काळें कातडें यांत भेद करीत नाहीं. जीर्णोद्धार करणाऱ्याची सारी विद्या हा भेद ओळखण्यांत आहे.

कामास हात घालण्यापूर्वीं एक गोष्ट निःसंशय ठरविली पाहिजे, ती म्हणजे बंदूक भरलेली आहे काय. दीडशें वर्षांच्या बंदुकींत बार कोठून असणार, असें वाटणें स्वाभाविक आहे. पण काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनंतरहि पेट घेते. अमेरिकेच्या यादवी युद्धांत १८६३ सालीं गेटिसबर्गची लढाई झाली. त्या रणांगणावरून सुमारें साडेसत्तावीस हजार बंदुका गोळा केल्या, त्यांपैकीं सुमारें चोवीस हजार भरलेल्याच होत्या आणि त्यांतील निम्म्यांत दोन-दोन बार होते, असें नोंदलेलें आहे. गोंधळांत सैनिक बार भरीत गेले, पण तो उडाला नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. तेव्हां तोंडानें भरावयाच्या बंदुकीची परीक्षा अशी करावी: एक लांकडी काठी नळींत तळापर्यंत घालून तोंडाशीं खूण करावी; नंतर तीच काठी बाहेरून नळीस लावून ती कोठपर्यंत पोंचली तें पाहावें. बत्ती देण्याच्या छिद्राच्या बरेंच अलीकडे ती थांबली असेल, तर आंत कांहीं तरी आहे. तें स्वतः काढण्याच्या भरीस पडूं नये. त्या बंदुकीस धक्का वा ऊब लागूं न देतां पोलिसांस व जाणत्या शस्त्रकारास वर्दी द्यावी. पाठीमागून भरावयाच्या बंदुकीचा कबजा गंजून बसला असेल, तर तीहि भरलेलीच समजावी.

ही शंका फिटली म्हणजे काम सुरू होतें, आणि तें डोळ्यांचें असतें. लष्करी बंदूक ही मुक्या लोखंडाची वस्तु नाहीं. तिच्या अंगावर पुष्कळ मजकूर कोरलेला असतो. विलायती बंदुकीवर राजमुकुट, राजाच्या नांवाचीं अक्षरें, कारखान्याचें नांव, साल, नळीची परीक्षा झाल्याची मोहोर आणि सरकारी मालकी दाखविणारा रुंद बाण असतो. बंगालांतील ईशापूरच्या कारखान्यांत इंग्रजी अमदानींत झालेल्या ली-एन्फील्डवर राजाच्या अक्षरांना सम्राटपद दाखविणारें तिसरें अक्षर जोडलेलें आढळतें, आणि स्वातंत्र्यानंतरच्या बंदुकांवर अशोकस्तंभाचे सिंह येतात. एकाच बंदुकीवरील या खुणांत राज्य बदलल्याची नोंद झालेली असते. अनुक्रमांकहि नळी, कबजा, खटक्याचा दांडा अशा अनेक भागांवर पुन्हां पुन्हां घातलेला असतो. ते सर्व जुळले तर ते भाग कारखान्यांतून निघाल्यापासून एकत्र आहेत असें समजतें. न जुळले तर तिची केव्हां तरी मोडतोड होऊन डागडुजी झालेली असते.

काठमांडूच्या बंदुकांची गंमत तर मराठी माणसास विशेष कळण्यासारखी आहे. त्यांतील पुष्कळ बंदुकांवर नेपाळी नोंदी देवनागरींत आहेत. परदेशांतील संग्राहकास ती वळणदार नक्षी वाटते. मराठी शाळेंत गेलेलें पोर ती अक्षरें सरळ वाचूं शकतें. मात्र आंकडा वाचतांना सावध राहिलें पाहिजे. गहेंद्र रायफलीवर समजा १९५१ असा आंकडा आहे. तर तें इसवी सन नसून विक्रम संवत् होय. त्यांतून सत्तावन वजा केले म्हणजे सुमारें १८९४ साल निघतें. हीं अक्षरें नाजूक छिनीनें उथळ कोरलेलीं असतात. त्यांवर गंजाचें कवच आलें तरी तीं बहुधा खालीं शाबूत असतात, पण काचकागदाच्या दहा-वीस हातांत तीं कायमचीं पुसलीं जातात. हातानें घडविलेल्या बंदुकीचा कारागीर कोण, ती कोणत्या सालची, कोणत्या पलटणींतली, याचा उलगडा व्हावयाचा तो बहुधा या अक्षरांवरूनच. त्या कारागिराची दुसरी सही कोठेंहि मिळावयाची नाहीं. म्हणून प्रथम उन्हाच्या तिरप्या उजेडांत सर्व बाजू पाहाव्या, छायाचित्रें घ्यावीं, खुणांच्या नकला कागदावर उतरून घ्याव्या, आणि मगच तेलाला हात लावावा.

पुढची पायरी म्हणजे बंदूक खोलणें. येथें घाई करणाराचा हमखास घात होतो. स्क्रू गंजून बसलेले असतात. बेताचा नसलेला पेचकस लावून जोर केला कीं त्यांच्या माथ्यावरील खांच फाटते, आणि फाटलेली खांच जन्मभर दिसत राहते. प्रत्येक स्क्रूच्या माथ्याभोंवतीं पातळ, झिरपणारें तेल सोडावें आणि त्यास आपलें काम करूं द्यावें. एक दिवस पुरला नाहीं तर आठवडा द्यावा. खांचेंत बरोबर बसेल असा पेचकस घ्यावा, आधीं किंचित् घट्ट करण्याच्या दिशेनें आणि मग सैल करण्याच्या दिशेनें हळूच फिरवावा. निघालेला प्रत्येक स्क्रू ज्या छिद्रांतून निघाला त्याची चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा. हातानें बसविलेल्या बंदुकींत दोन स्क्रू सारखे दिसले तरी सारखे असत नाहींत.

नळी लांकडापासून अलग झाली म्हणजे बहुतेक वेळां एक अप्रिय गोष्ट उघड होते. वरून बरी दिसणारी नळी पोटाकडून खाल्लेली असते. लांकडाच्या ज्या पन्हळींत नळी बसते तेथें पावसाचें पाणी व दंव शिरतें, पण वारा लागत नाहीं. सैनिकाचें फडकेंहि तेथें पोंचत नाहीं. पुष्कळ वर्षें तो ओलावा तेथेंच राहून लोखंड पोखरतो. जुनी बंदूक विकत घेणारे जाणते लोक वरील चकाकीपेक्षां या लपलेल्या पोटाची चौकशी आधीं करतात, ती याचसाठीं.

आतां प्रत्यक्ष गंजाकडे वळावें. आधीं घासलेटानें किंवा तशाच द्रावणानें जुनें वंगण मऊ करून पुसून काढावें. हें काम मोकळ्या हवेंत आणि विस्तवापासून दूर करावें. मग तेलाचा भरपूर हात देऊन कांहीं दिवस नळी तशीच ठेवावी. नंतर तेल असतांनाच, लोखंडाहून मऊ अशा धातूच्या साधनानें गंज काढावा: पितळेच्या तारांचा ब्रश, तांब्याचें जुनें नाणें, पितळी पट्टीची कड. मऊ धातु भुसभुशीत गंज उचलते, पण खालच्या लोखंडास ओरखडा काढीत नाहीं. कोरडें घांसणें टाळावें; तेल गंजाची पूड वाहून नेतें आणि घर्षण कमी करतें. साध्या वरवरच्या गंजास एवढाच उपचार पुरतो, आणि उपाय सौम्य असतां तीव्र औषध देऊं नये हा वैद्यकांतील नियम येथेंहि लागू आहे.

गंज अधिक पसरलेला असेल तर जुन्या कारागिरांच्या विद्येचाच आश्रय करतां येतो, आणि तो म्हणजे उकळतें पाणी. नळींतील आणि बाहेरील तेल पूर्ण काढून, लांकूड व पितळ अलग करून, नळी मावेल अशा लांब पत्र्याच्या पन्हळींत ती स्वच्छ पाण्यांत उकळतात. विहिरीचें वा नळाचें पाणी क्षारांचे डाग सोडतें. ऊर्ध्वपातित पाणी, अथवा स्वच्छ भांड्यांत धरलेलें पावसाचें पाणी उत्तम. अर्धा तास उकळल्यावर तांबडा गंज काळा पडूं लागतो. बाहेर काढून अतिशय मऊ तारेच्या ब्रशानें हलकें झाडलें कीं मखमलीसारखी काजळी निघून जाते आणि खालीं घट्ट काळा थर राहतो. कोठें तांबडें उरलें असेल तर पुन्हां उकळावें, पुन्हां झाडावें. तीन-चार वेळां असें केलें म्हणजे तांबडेपणा नाहींसा होतो. उकळण्यानें कांहीं क्षारहि धुतले जातात. लोखंड गरम असतांनाच तेल लावलें म्हणजे तें सूक्ष्म छिद्रांत शिरतें. या उपायाचा मोठा गुण हा कीं त्यांत लोखंड खरवडलें जात नाहीं. खळगे खळगेच राहतात, अक्षरें अक्षरेंच राहतात, आणि बंदुकीस तिच्या वयास शोभेल असा काळसर रंग येतो.

अगदीं कवच बसलेल्या सुट्या भागांसाठीं विजेचा उपाय आहे. पाण्यांत थोडा धुण्याचा सोडा विरघळवून त्यांत तो भाग बुडवितात, बॅटरीचें ऋण टोंक त्या भागास आणि धन टोंक साध्या लोखंडाच्या पत्र्यास जोडतात. मंद प्रवाह चालूं लागला कीं गंज सैल होतो आणि क्षार बाहेर ओढले जातात. धन टोंकास न गंजणारें पोलाद लावूं नये, कारण त्यांतील क्रोमियम विषारी रूपानें पाण्यांत उतरतें. शिवाय उज्ज वायु सुटतो व तो पेट घेतो, म्हणून हें काम उघड्या जागीं करावें. या रीतीनें मूळचा काळा-तपकिरी रंगहि बहुधा जातो. तेव्हां ज्या भागावर मूळ रंगाचा अंश शिल्लक आहे त्यास हा उपाय लावूं नये. आम्लांत बुडविणें तर त्याहून वाईट. आम्ल गंज खातें तसें चांगलें लोखंडहि खातें, आणि कमानी व सुया यांसारख्या कठीण पोलादास ठिसूळ करतें. आणि कोणताहि उपाय केला तरी गेलेलें लोखंड परत येत नाहीं, हें मनाशीं पक्कें असावें.

संग्रहालयांतून लोखंड राखणारे तज्ज्ञ आणखी एक द्रव्य वापरतात. त्याचें मूळ तत्त्व मराठी मुलखांत जुनेंच आहे. हिरड्याच्या काढ्यांत लोखंडाचा खिळा टाकला कीं पाणी काळेंभोर होतें. जुनी काळी शाई याच गुणावर होत असे. हिरड्यांत जें तुरट द्रव्य आहे त्यास टॅनिन म्हणतात. शुद्ध टॅनिक आम्लाचें पातळ द्रावण गंजलेल्या, पण सैल गंज काढून टाकलेल्या पृष्ठभागावर ब्रशानें चढविलें म्हणजे उरलेल्या गंजाचा शाईसारखा निळसर काळा, बराच स्थिर असा थर बनतो. घरगुती काढ्यांत इतर पदार्थ असल्यामुळें बंदुकीवर तो वापरणें बरें नाहीं. पण ज्या क्रियेनें पोथ्या लिहिल्या गेल्या तीच क्रिया लोखंडावरील लेख राखण्यास उपयोगी पडते, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

नळीच्या आंतील भागाची कथा थोडी निराळी आहे. पूर्वींच्या लष्करी काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला म्हणजे त्यापासून पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे खाण्याच्या मिठाचें भावंडच, नळींत बसे. तें दमट हवेंतील पाणी ओढून घेई आणि एका रात्रींत नळीस गंज आणी. तेलानें मीठ विरघळत नाहीं, पाण्यानें विरघळतें. म्हणून गोळीबारानंतर इंग्रजी फौजेंतील शिपाई नळींत उकळतें पाणी ओतीत, मग ती कोरडी करून तेल देत. ज्या शिपायानें कंटाळा केला त्याच्या आळसाची साक्ष ती नळी आजहि देते. पन्नास वर्षांपूर्वींचें तें मीठ खळग्यांत असूं शकतें. म्हणून जुन्या नळीस तेल देण्यापूर्वीं गरम स्वच्छ पाण्यानें अनेक वेळां धुऊन कडकडीत कोरडी करणें अवश्य आहे.

लांकडाच्या बाबतींतहि तोच विवेक लागतो. लष्करी बंदुकीचा दस्ता बहुधा अक्रोडाचा असतो. त्यावरहि परीक्षकांचे ठसे, पलटणीचे आंकडे, आणि क्वचित् सैनिकानें सुरीनें कोरलेली खूण असते. रंधा किंवा काचकागद चालविला कीं हें सारें जातें. शिवाय लांकूड आटून त्याच्या कडा लोखंडाच्या कडांहून खालीं बसतात, आणि जाणत्या डोळ्यांस तो दोष तत्काळ दिसतो. मळ पुसून काढावा, दबलेल्या जागीं ओलें फडकें ठेवून वर गरम इस्त्री टेकवावी म्हणजे वाफेनें तंतु फुगून वर येतात, आणि शेवटीं जवसाच्या तेलाचे अगदीं पातळ हात द्यावे. ओल्या तेलाचे बोळे गुंडाळून ठेवूं नयेत; ते आपोआप तापून पेटूं शकतात. पसरून वाळवावे किंवा पाण्यांत बुडवून टाकावे.

एवढें झाल्यावर बहुतेकांच्या तोंडीं प्रश्न येतो कीं, आतां ही उडेल काय? या प्रश्नास उत्तर एकच: उडवूं नये. खळग्यांनीं नळीची जाडी कोठें किती उरली आहे हें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि बाराचा दाब सर्वांत पातळ जागा शोधून काढतो. हातानें घडविलेल्या गहेंद्र रायफलीविषयीं तर जाणकार अशीच ताकीद देतात. कायद्याचीहि बाजू आहे. १९५९ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत, जुन्या पद्धतीचें, पुरातन मोलाचें किंवा मोडकें हत्यार, दुरुस्तीनें वा दुरुस्तीवांचून उडण्याजोगें नसेल, तर त्यास अधिनियमांतून सूट आहे. उडण्याजोगी बंदूक मात्र कायद्याच्या कक्षेंत येते, आणि परवान्यावांचून बंदुकीची दुरुस्ती करणें यासहि बंदी आहे. तेव्हां ज्याच्या घरीं वाडवडिलांची बंदूक निघाली असेल त्यानें तिला हात लावण्यापूर्वीं जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. जीर्णोद्धाराचा हेतु बंदुकीस पुन्हां हत्यार करणें हा नसून तिला पुरावा म्हणून टिकविणें हा आहे.

राहतां राहिली पुढची निगा. मराठी घरांत खंडेनवमीस शस्त्रें पुसून, तेल लावून पूजेस मांडण्याची चाल आहे. पावसाळा संपतांच येणारा हा दिवस शस्त्रांच्या निगेसाठींच योजलेला वाटतो, इतका तो ठीक आहे. हवेंतील दमटपणा शेंकडा साठ-पासष्टाच्या पुढें गेला कीं गंजण्याचा वेग झपाट्यानें वाढतो. कोंकणपट्टींत तर कित्येक महिने त्याहून अधिक दमटपणा असतो. म्हणून वर्षांतून एक दिवस पुरत नाहीं. पावसाळ्याच्या आधीं, मध्यें आणि नंतर अशी तीनदां पाहणी करावी. हातांत सुती मोजे घालूनच बंदूक उचलावी, कारण बोटांचा ठसा पुढें गंजाचा ठसा होतो. कमावलेल्या चामड्याच्या म्यानांत ती ठेवूं नये. चामडें ओल व क्षार धरतें. पातळ तेलाचा किंवा शुद्ध मेणाचा हात देऊन ती उघड्या, कोरड्या जागीं आडवी ठेवावी. नवा तांबडा ठिपका दिसला तर तो एकटाच असतांना त्याचा बंदोबस्त होतो. दुर्लक्ष केलें तर तो आपलीं भावंडें घेऊन येतो.

अशा रीतीनें राखलेली काठमांडूची एक गहेंद्र रायफल डोळ्यांपुढें आणावी. तिची नळी चमकत नाहीं. ती काळसर आहे, पोटाकडे खळगेदार आहे, दस्त्यावर ओरखडे आहेत. पण तिच्या अंगावर तांबडा ठिपका नाहीं, स्क्रूंच्या खांचा शाबूत आहेत, आणि नळीच्या मुळाशीं देवनागरी आंकडे स्वच्छ वाचतां येतात. ती कोणत्या वर्षीं घडली हें त्यांवरून कळतें. तिच्यावर कानस चालविणाऱ्या हाताचे ओरखडेहि ठिकठिकाणीं दिसतात. शेजारी काचकागदानें आरसा केलेली तिची जुळी बहीण ठेवली, तर ती अधिक देखणी दिसेल; पण तिला साल नाहीं, पलटण नाहीं, कारागीर नाहीं. बंदुकीजवळ एक चिठ्ठी मात्र ठेवावी: तिच्यावर काय सांपडलें, काय काढलें, कोणतें द्रव्य वापरलें, कोणता भाग बदलला. पुढें शंभर वर्षांनीं तिला हातीं घेणाऱ्या माणसास त्या चिठ्ठीची गरज पडेल, आणि तोंवर ती वाचण्याजोगी बंदूकहि त्याच्यापुढें असली पाहिजे.